पोरं पाण्यात उतरण्याआधी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्म्याची (पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेची) टाकी आहे: आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल. एरवी तिच्यावर फळ्या टाकलेल्या असतात आणि त्या फळ्यांवर गायनाची मंडळी उभी राहते. नवख्या माणसाला कळतही नाही की अल्टो गाणाऱ्या काकूंच्या पायाखाली टाकी आहे. वर्षातून दोनदा फळ्या निघतात, कोळ्यांची जाळी झाडली जातात, तळ घासला जातो, आणि तीन फुटांपर्यंत पाणी भरतं. हिशेब केला तर साधारण ३,४०० लिटर.

तरुण संघाचं काम करताना या टाकीशी माझा बराच संबंध आला. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, मी नाही; बाप्तिस्मा मी देत नाही. पोरांना टाकीच्या पायरीपर्यंत आणायचं आणि नंतर पायरीवरून परत घ्यायचं, एवढंच माझं काम. यंदा चर्चचा कारभार पाहणाऱ्या तुमच्या पास्टोरेट कमिटीने तरुण संघ तुमच्या गळ्यात घातला असेल आणि दोन-चार पोरं येऊन म्हणाली असतील, "दादा, आम्हाला बाप्तिस्मा घ्यायचाय," तर हे तुमच्यासाठी.

आधी ऐका. तारीख नंतर.

शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटी असते, गिटार असते, वक्ता तयारीचा असतो, आणि "बाप्तिस्मा कुणाला घ्यायचाय?" म्हटलं की हात वर होतात. ते हात खोटे नसतात. पण त्यांतले काही शेकोटीचे असतात. पहिल्याच वर्षी मी असे वर गेलेले सगळे हात वहीत उतरवले आणि तिसऱ्या रविवारी सगळ्यांना टाकीपाशी उभं केलं. वर्षभराने त्यातली किती पोरं उपासनेला येत होती ते सांगायला एका हाताची बोटं पुरली. मला वाटलं, पोरं कच्ची. खरं म्हणजे घाई माझी होती. कमिटीच्या बैठकीत आकडा सांगायला बरा वाटत होता.

प्रेषित पौलाला हा मोह ओळखीचा असावा. करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरची माणसं सोडली तर तुमच्यापैकी कुणाला मी बाप्तिस्मा दिल्याचं आठवत नाही, आणि त्याबद्दल तो देवाचे आभारच मानतो.

तेव्हा पोर आलं की चहा पाजा आणि दोन प्रश्न विचारा. कधीपासून वाटतंय? घरी कुणाला सांगितलंस? उत्तरं फार बोलकी असतात. "माझी मैत्रीण घेतेय म्हणून." "आई म्हणते, लग्नाच्या वेळी दाखला लागतो." यावर हसू नका, रागावूही नका. दाखल्यासाठी आलेली मुलगी सहाव्या आठवड्यात वेगळंच बोलू लागते, हे मी पाहिलंय. फक्त त्या दिवशी तारीख देऊ नका.

थांबायला सांगितलं की पोरं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय दाखवतात: हबशी अधिकाऱ्याला रस्त्यात पाणी दिसलं आणि फिलिप्पाने तिथेच बाप्तिस्मा दिला! बरोबर आहे. सोळाव्या अध्यायातला बंदिशाळेचा अधिकारी तर रात्रीतच घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो. मी पोरांना रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगतो. आगगाडीत एका परक्या माणसाने नारायण वामन टिळकांना नवा करार वाचायला सांगितला, आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला मुंबईला, १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मध्ये सुमारे दोन वर्षं गेली. वाचन, प्रश्न, पत्रव्यवहार, तळमळ. टिळकांना दोन वर्षं लागली, तुला दोन महिने लागले तर काय बिघडलं?

तान्हेपणी झालाय का, ते विचारा

ही चौकशी नवीन कार्यकर्ते हमखास विसरतात आणि मग पाळकांच्या ऑफिसात भांडण होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या परंपरांबरोबर समज आल्यावरच तो देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही सामील झाले. त्यामुळे एकाच चर्चमध्ये दोन्ही वाटा मान्य आहेत: बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), किंवा बाळपणी फक्त समर्पण आणि समज आल्यावर बाप्तिस्मा. वसईकडच्या कॅथलिक घरांत तर बाळाचा बाप्तिस्मा ठरलेलाच.

आता समजा, बाळपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा दुसऱ्या मंडळीच्या शिबिराला जाऊन आला आणि म्हणाला, मला पुन्हा घ्यायचाय, बुडून. तुमचं मत काहीही असो, इथे निर्णय तुमचा नाही. पाळकसाहेबांकडे न्या, आणि जमल्यास त्याच्या आई-वडिलांबरोबर न्या. त्यांना "तुमचं ते फुकट गेलं" असं मुलाकडून ऐकावं लागतं तेव्हा फार लागतं. मुलाला खरं म्हणजे आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगायचा असतो. अनेकदा दृढीकरणाच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगायला मिळाली की त्याचं समाधान होतं.

घर, वय आणि कायदा

यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण शिबिरांत यावर कुणी बोलत नाही.

अठरा वर्षांखालचं कुणीही असो, आई आणि वडील दोघांची लेखी संमती घ्या. ख्रिस्ती घर असलं तरी. दुसऱ्या धर्माच्या घरातलं अठराखालचं पोर असेल तर बाप्तिस्म्याचं नावच काढू नका. त्याला तरुण संघात येऊ द्या, तेही घरी सांगून. चोरून येणाऱ्या पोराला चोरून येण्यात मदत करणारा कार्यकर्ता त्या पोराचंही नुकसान करतो आणि मंडळीचंही.

अठरा पूर्ण झाली म्हणजे सगळं मोकळं, असंही नाही. संविधानाचं कलम २५ आपल्याला धर्म मानायचं, आचरायचं, प्रसाराचं स्वातंत्र्य देतं. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. शिवाय राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि बदलतही असतात. गुजरातच्या कायद्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आहे, मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात साठ दिवस आधी कळवणं आहे. नंदुरबारकडच्या मंडळ्यांत सीमेपलीकडची पोरं येतात, तिथल्या कार्यकर्त्यांनी हे डोक्यात ठेवावं. बाकीच्यांनी आपल्या राज्यात आज काय लागू आहे ते वकिलाला विचारून घ्यावं. फोनवर नको, समोर बसून.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ नंतर शिखांना आणि १९९० नंतर बौद्धांनाही मिळतो; ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा घेऊन चर्चला जाणाऱ्या एका बाईंचा हिंदू म्हणून अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. आता कल्पना करा, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग करणारा, घरातला पहिला शिकणारा मुलगा तुमच्यासमोर बसलाय. हे सगळं त्याला बाप्तिस्म्याआधी माहीत असलं पाहिजे, आणि ते सांगणं तुमचं काम आहे. मला स्वतःला तो आदेश अन्यायाचा वाटतो. पण माझ्या वाटण्यावर त्याची फी भरली जाणार नाही. "कागदावर काही बदलू नकोस, कुणाला कळतंय" असा सल्ला देणारेही भेटतील. जो विश्वास उघड कबूल करायला पोरगा पाण्यात उतरणार, त्याची सुरुवात लपवाछपवीने करायची?

सगळं ऐकून एक मुलगा मला म्हणाला, "दादा, मी विचार करून सांगतो." दोन वर्षं काही बोलला नाही. दर रविवारी मागच्या बाकावर यायचा. मी विचारलं नाही. याला मी माझ्या कामातला बरा काळ समजतो.

नाव बदलायची गरज नाही, हेही लगेच सांगून टाका. पोरांच्या घरी ही मोठी भीती असते. टिळक नारायण वामनच राहिले. कादंबरीकार बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला, त्यांचंही नाव तेच. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी हे नाव मिळालं, पण महाराष्ट्र त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतो.

वर्ग

आठ आठवडे, आठवड्याला एक तास, शक्यतो कुणाच्या तरी घरी. चर्चच्या हॉलमध्ये पोरं परीक्षेला बसल्यासारखी बसतात. घरात पोहे आले की तोंडं उघडतात. विषय पाळकसाहेब ठरवतील: पाप, कृपा, पश्चात्ताप, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), मंडळी म्हणजे काय. माझा आग्रह एवढाच की रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाला पूर्ण एक संध्याकाळ द्या. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे नव्या जीवनात उठणं, हे पोरांना कळलं की टाकीकडे बघायची त्यांची नजर बदलते. एका मुलीने तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे पाळकसाहेब आमची मयत करणार?" सगळे हसले. मी म्हणालो, हो, जवळजवळ तेच. मग कुणी हसलं नाही आणि तासभर चांगली चर्चा झाली.

सहाव्या आठवड्यात साक्ष लिहायला लावा. एक पान, त्याहून जास्त नाही. पोरं यूट्यूबवर ऐकलेली साक्ष लिहून आणतात: मी घोर अंधारात होतो, व्यसनांत बुडालो होतो. अहो, वय सोळा, व्यसन पब्जीचं! ते पान हळूच परत द्या आणि म्हणा, जे घडलं तेच लिही. आजीच्या आजारपणात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली, एवढंच असेल तर एवढंच लिही.

पाणी

एका एप्रिलमध्ये ईस्टरनंतरचा रविवार ठरला होता. टँकर बोलावला, नळी लावली. समोरच्या गल्लीतल्या, आमच्याच मंडळीतल्या एक आजी हंडा घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "बाळा, आमच्याकडे चार दिवसांनी नळ येतोय आणि तू हौद भरतोस?" उत्तर नव्हतं. त्या वर्षी आम्ही एक फूट पाणी भरलं आणि पाळकसाहेबांनी पोरांना गुडघ्यावर बसवून डोक्यावर ओतलं. बाप्तिस्मा कमी झाला असं कुणाला वाटलं नाही. तेव्हापासून आमच्या तारखा ऑगस्ट आणि जानेवारी. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे कॅलेंडरपेक्षा पावसाकडे बघून तारीख ठरवा.

जानेवारीत पाणी गार असतं. गरम करायला हीटरचा रॉड टाकणार असाल तर पोर उतरण्याच्या खूप आधी रॉड बाहेर, प्लग बाहेर, वायर खोलीच्या बाहेर. तारेचा माइक टाकीजवळ आणायचा नाही. पाळकसाहेब ओल्या हातात माइक धरायला निघाले तर मानमर्यादा बाजूला ठेवून थेट अडवा. मी अडवलंय. ते रागावले, नंतर हसले.

टाकी नसेल तर लोक नदीवर किंवा धरणाच्या पाण्यावर जातात. फोटो सुंदर येतात. पण धरणाच्या कडेला गाळ असतो, एका पावलावर गुडघाभर आणि दुसऱ्यावर गळ्यापर्यंत. आणि खालच्या नदीत पाणी कधी सोडतील त्याचा नेम नसतो. आदल्या दिवशी स्वतः उतरून काठीने तळ तपासा, पोहता येणारे दोघे पाण्यात उभे ठेवा, पावसाळ्यात नदी-समुद्राचा विचारही नको. वाहत्या पाण्यात पोराचं डोकं प्रवाह येतो त्या दिशेला ठेवायचं, म्हणजे नाकात पाणी शिरत नाही आणि उठताना प्रवाहच हात देतो.

कपडे गडद रंगाचे. पांढऱ्याचा हट्ट करणारे असतात, पण पांढरं कापड भिजलं की काय होतं ते मुलींना माहीत असतं आणि कमिटीतल्या काकांना नसतं. मुलींना जाड सुती सलवार-कमीझ, ओढणी पिनांनी टाचलेली. साडी नको, पाण्यात फुगते आणि पायात येते. कपडे बदलायच्या खोलीपाशी तरुण संघातली एखादी ताई हवीच. पाळीचा दिवस आला तर काय, हा प्रश्न मुली मुलाला विचारणार नाहीत. ताईने वर्गातच सांगून टाकावं की त्यात अडचण कसलीच नाही आणि दिवस बदलून हवा असेल तर कारण विचारलं जाणार नाही. कानाचा पडदा फाटलेला, फिट येणारं, दमा असलेलं पोर आहे का, हे आधीच घरच्यांना विचारा.

आदल्या दिवशी कोरड्या जमिनीवर तालीम. पोराने एका हाताने रुमाल नाकावर धरायचा, दुसऱ्या हाताने त्याच हाताचं मनगट. पाळक बाजूला उभे, एक हात पोराच्या पाठीवर खांद्यांच्या मध्ये, दुसरा त्याच्या हातांवर. मागे जाताना पोराने गुडघे वाकवायचे, पाय तळाला टेकलेले. उंच पोरं इथे घोटाळा करतात, पाय ताठ ठेवतात. एकदा सहा फुटी पोराचे पाय वर आले, तोल गेला आणि पाळकसाहेबही त्याच्याबरोबर पाण्यात बसले. मंडळी गंभीर राहायचा प्रयत्न करत होती, पहिल्या बाकावरचं एक लहान पोर ओरडलं, "पाळकसाहेबांचापण झाला!" उंच आणि वजनदार पोरासाठी दुसऱ्या बाजूला मंडळीतला एखादा वडील (एल्डर) किंवा दीकन (मंडळीचा सेवक) उभा करावा, हा धडा तेव्हाचा.

त्या रविवारी

त्या सकाळी तुम्ही धावपळीत असणार. तरी एका जागेवर उभे राहा: पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, टॉवेलांजवळ. सगळ्यात चांगलं तिथूनच दिसतं.

आमच्याकडे पद्धत आहे की वर येणाऱ्याला टॉवेल त्याच्या घरच्या माणसाने द्यायचा. ज्याच्या घरून कुणी येणार नाही, त्याला मंडळीतलं एखादं कुटुंब आधीच नेमून दिलेलं असतं. एका वर्षी एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. ख्रिस्ती घर, पण वडिलांनी जुन्या कुठल्या तरी वादावरून चर्च सोडलेलं, बारा वर्षं पायरी चढलेले नव्हते. ती म्हणाली, पप्पा येणार नाहीत, माझं कुटुंब नेमा. नेमलं. साक्ष वाचताना तिचा कागद थरथरत होता, तिने शेवटची ओळ वाचलीच नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, येशू ख्रिस्तावर प्रभू आणि तारणारा म्हणून तुझा विश्वास आहे का? "आहे." आवाज एवढासा. मग पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने ती खाली गेली, पाण्याचा तो एक घुटमळता आवाज झाला, आणि ती वर आली.

मी टॉवेल उचलायला वळलो तर शेजारी तिचे वडील उभे. चपला हातात, कारण आत यायचं की नाही हे बहुधा दारापर्यंत ठरलं नव्हतं. दुसऱ्या हातात घरचा टॉवेल. त्याला इस्त्री केलेली होती, घडी अगदी कडक. नेमलेल्या काकू दोन पावलं मागे सरकल्या. मुलीने डोळ्यांवरचं पाणी पुसून वर पाहिलं, आणि तिला कळेना की समोर कोण आहे.

गाणं सुरू करायचं मी विसरलो. गायनवाले माझ्याकडे बघत राहिले.

फोटो काढायला एकच माणूस नेमा. ओल्या कपड्यांतले फोटो नाहीत, परवानगीशिवाय स्टेटसला काही टाकायचं नाही. कुणाच्या घरी, कॉलेजात, गावात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. नोंदवहीत त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव, देणाऱ्या पाळकांची सही करून घ्या. "पुढच्या आठवड्यात लिहू" म्हणून राहिलेल्या नोंदींमुळे लग्नाच्या वेळी किती लोक माझ्या दारात आलेत, विचारू नका.

सोमवारपासून

सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात. रविवारी हार, केक, मिठ्या. सोमवारी तेच कॉलेज, तोच राग, तीच भांडणं. बऱ्याच पोरांना वाटतं, आपला बाप्तिस्मा लागूच पडला नाही. हे त्यांच्या मनात येणार, हे शेवटच्या वर्गातच सांगून ठेवा. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला मंडळीतलं एक मोठं माणूस जोडून द्या, तरुण संघातलं नव्हे. आठवड्यातून एकदा फोन, महिन्यातून एकदा जेवण. उपदेश नको; जेवण पुरतं. आणि त्यांना काम द्या. रविवार शाळेच्या खुर्च्या मांडणं, साउंडच्या वायरी गुंडाळणं, आजारी आजोबांकडे प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांबरोबर जाणं.

पहिलं काम त्याच दिवशी असतं. ३,४०० लिटर पाणी गटारात सोडायचं नाही, हे त्या आजींनी आम्हाला शिकवलं. उपासना संपली, जेवणं झाली की ज्यांचा बाप्तिस्मा झाला तीच पोरं बादल्या घेऊन रांग लावतात, टाकीपासून आवारातल्या बदामापर्यंत, कडुनिंबापर्यंत, मागच्या कढीपत्त्यापर्यंत. केस अजून ओले असतात. आजी आता नाहीत. त्यांच्या दाराशी एक जास्वंद आहे, तिथपर्यंतही दोन बादल्या जातात. गेल्या ऑगस्टमध्ये तळाला वीतभर पाणी उरलं तेव्हा एक पोरगं टाकीत उतरलं, झाडू मागितला आणि विचारतं, "दादा, पुढच्या वेळी कुणाकुणाचा आहे?"